दफ्तर नव्या यंत्रावर नेताना

श्रोतेहो, सातबाऱ्याचा उतारा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पीककर्ज काढायचे असो, भावाभावांत वाटणी व्हायची असो की लेकीचे नाव वारस म्हणून लागायचे असो, त्या एका कागदावाचून पुढचे पाऊल पडत नाही. हा उतारा पूर्वी तलाठ्याच्या हातच्या वहीतून निघे. आता तो संगणकातून निघतो. पण वही जशी जीर्ण होते तसा संगणकही जुना होतो, आणि मग त्यातले दफ्तर नव्या यंत्रावर न्यावे लागते. हे काम कसे करतात, आणि त्यात आपण कशावर नजर ठेवायची, ते आज पाहू.

कचेरीत एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. सारे दफ्तर त्याच्या पोटात असते आणि इतर टेबलांवरचे संगणक त्याच्याकडून हवी ती माहिती मागून घेतात. त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्या खानदेशचा उन्हाळा तुम्ही जाणताच. त्या उष्म्यात धूळ बसून यंत्राचे पंखे अडतात. माहिती साठवणारी तबकडी फिरून फिरून झिजते. त्यात वीज अवेळी गेली तर लिहिता लिहिता नोंद अर्धवट राहण्याची भीती. काही वर्षांनी त्याचे सुटे भागही बाजारात मिळेनासे होतात. यंत्र बंद पडण्याआधीच त्याला निरोप द्यावा, हे शहाणपणाचे.

आता कोणी म्हणेल, नवे यंत्र आणले, माहिती उतरवून घेतली, की झाले! तसे नाही. पाचोऱ्याच्या मंडळींना जामनेरची लहान गाडी ठाऊक आहे. तिचे रूळ अडीच फुटी होते, तर मोठ्या लाइनीचे साडेपाच फुटी. मोठ्या गाडीचा डबा लहान रुळांवर चालायचा नाही. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरायला हवा. अशा वेळी सावध व्यापारी उतरताना पोती मोजतो आणि चढवतानाही मोजतो. सर्व्हर बदलताना नेमके हेच करायचे असते.

पहिले काम, जुन्या यंत्रात काय काय आहे याची यादी. दुसरे, सर्व माहितीच्या दोन प्रती काढायच्या; त्यांतली एक कचेरीबाहेर ठेवायची, म्हणजे आग लागली तरी ती वाचेल. कित्येक सर्व्हरांत दोन तबकड्या एकच मजकूर साठवतात. त्यावर विसंबू नये. एक तबकडी बिघडली तर दुसरी कामाला येते हे खरे. पण कोणी चुकून नोंद पुसली तर ती दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. शिवाय काढलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली पाहिजे. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवणे म्हणजे बियाणे उगवते की नाही हे न पाहता सारे रान पेरणे.

तिसरे, जुने यंत्र चालू ठेवूनच नव्यावर रंगीत तालीम करायची. मग एक दिवस ठरवून जुन्यावर नोंदी घेणे थांबवायचे, शेवटची प्रत उतरवायची आणि नव्यावर काम सुरू करायचे. दोन्हींवर एकाच वेळी नोंदी झाल्या, तर खरे दफ्तर कोणते हा वाद उभा राहतो. त्यानंतर मोजदाद. नोंदी जितक्या होत्या तितक्याच आल्या का? गावाच्या एकूण क्षेत्राची बेरीज जुळते का? हे सारे जुळेपर्यंत जुने यंत्र मोडीत काढायचे नाही. काढताना मात्र त्याची तबकडी नीट पुसून घ्यायची, कारण नुसते खोडलेले पुन्हा वाचता येते.

मोजदाद जुळली तरी एक गोष्ट उरते. पूर्वी संगणकावरची मराठी निरनिराळ्या ठशांत लिहीत, आणि एका ठशातला मजकूर दुसऱ्यात उघडला तर अक्षरांचा चिवडा होई. आता युनिकोड ही एकच पद्धत रूढ आहे. पण जुना मजकूर तिच्यात आणताना एखादे अक्षर बदलू शकते. आणखी असे की, मोजदादीने नवी प्रत जुन्यासारखी आहे एवढेच कळते. मूळ वहीतून उतरवतानाच चूक झाली असेल, तर ती चूकही इमानाने नव्या यंत्रावर जाते. ०.८१ हेक्टर म्हणजे सुमारे दोन एकर. टिंब एक घर सरकले की त्याचेच ८.१० हेक्टर, म्हणजे वीस एकर होतात!

ही चूक यंत्राला दिसत नाही. जमिनीच्या धन्याला दिसते. आपल्या राज्यात सातबारा आधी तालुक्याच्या कचेरीतील संगणकांवर होता, पुढे तो राज्याच्या मध्यवर्ती ठिकाणी नेण्यात आला. हस्तलिखित सातबारा आणि संगणकावरचा सातबारा यांत फरक राहू नये म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. उतारे लोकांसमोर वाचून दाखवले गेले, हरकती घेतल्या गेल्या. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. अजूनही कोणाला लेखनातली चूक आढळली, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त करता येते. जुना उतारा जोडून तहसील कचेरीत लेखी अर्ज करावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हेच सूत्र शाळेलाही लागू आहे. जनरल रजिस्टर संगणकावर घेतले असेल आणि संगणक बदलणार असाल, तर दोन प्रती काढा, त्या उघडून पाहा, मुलांची संख्या ताडून घ्या आणि नाव व जन्मतारीख पालकांना वाचून दाखवा. दाखल्यावर चुकलेली तारीख त्या मुलाला पुढे नोकरीपर्यंत छळते. मूळ रजिस्टर मात्र कपाटात जपून ठेवा.

शेतकरी बांधवांनो, तुमचे काम याहून सोपे आहे. वर्षातून एकदा तरी आपला उतारा काढा. नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि बोजा, या चार गोष्टी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून वाचून घ्या.