कॉइल बदलण्याआधी

जुनी बुलेट किंवा येझदी हौसेने रंगवून घ्यावी, चाकांचं क्रोम चकचकीत करावं आणि नेमकी त्यानंतरच तिने किकला दाद देणं सोडावं, हा प्रकार काही नवा नाही. निदानही ठरलेलं असतं : ‘कॉइल गेली.’ कॉइल बदलून होते, मग कंडेन्सर, मग बॅटरी; पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. माझं म्हणणं असं, की जुन्या गाडीतल्या करंटच्या बहुतेक तक्रारी सुट्या भागांच्या नसतात, जोडांच्या असतात. आणि गाडी नवी करताना त्या बरेचदा वाढतात. या गाड्यांत बॅटरीची एक तार चेसिसला जोडलेली असते आणि परतीचा करंट चेसिस व इंजिनाच्या धातूतूनच वाहतो. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचाच थर, त्यातून करंट जात नाही. अर्थची तार जिथे कसायची ती जागा आणि इंजिन बसवायचे कान रंगवून टाकले, की परतीची वाट उरते ती फक्त बोल्टच्या आट्यांमधून. तेवढ्यावर गाडी काही दिवस चालतेही. मग आट्यांना गंज धरतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा गंज लवकर धरतो. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 47 अंशांपार जातो, वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. पाठोपाठ येणारा पावसाळा असा, की पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. खाणपट्ट्यात त्यात कोळशाची धूळ, जी जोडांवर बसते आणि ओल धरून ठेवते. जुन्या जावा-येझदी 6 व्होल्टच्या, म्हणून त्यांना याचा फटका जास्त. 35 वॅटच्या दिव्याला 6 व्होल्टवर जवळपास 6 अँपिअर लागतात, 12 व्होल्टवर त्याच्या निम्मे. वाटेत कुठेतरी 0.2 ओहमचा गंजका जोड असेल तर 6 व्होल्टच्या गाडीत तिथेच सुमारे एक व्होल्ट अडकतो आणि दिव्याचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. चंद्रपूर-मूलसारख्या जंगलातल्या रस्त्यावर रात्री हा फरक किरकोळ नाही. इथे कुणी म्हणेल, मग सरळ 12 व्होल्टची नवी वायरिंगच टाकावी. आवरण तडकलं असेल तर वायरिंग बदलावीच लागते, त्यात वाद नाही. पण नवी वायरिंगही शेवटी त्याच रंगवलेल्या चेसिसला जोडायची आहे!

सेल्फच्या गाडीत हे आणखी ठळक दिसतं. बुलेटला सेल्फ आला तो अलीकडे, आधीचा सगळा कारभार किकवर. बटण दाबल्यावर नुसतं ‘टक्’ वाजतं आणि बॅटरी किंवा सेल्फची मोटर बाद ठरते. टेस्ट लॅम्प लावला तर तो लख्ख पेटतो, म्हणजे करंट येतोय, असा युक्तिवाद होतो. तो फसवा आहे. लॅम्पला अर्धा अँपिअरही पुरतो, सेल्फ मात्र पन्नास-शंभर अँपिअर मागतो. शंभर अँपिअर वाहत असताना 0.02 ओहमचा जोडसुद्धा दोन व्होल्ट खातो. म्हणून मोजायचं ते बटण दाबलेलं असताना : मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. काटा 0.2 व्होल्टच्या बराच वर गेला, तर दोष अर्थमध्ये आहे. बॅटरी बदलून तो जाणार नाही.

यावर अनुभवी मिस्त्री हसून म्हणेल, ‘अहो, कॉइल बदलली की गाडी चालू होते, डोळ्यांनी पाहिलंय.’ होते, हे खरंच. पण कॉइल बदलताना तिचे बोल्ट सुटतात, खालची जागा घासली जाते, तारेची थिंबल नव्याने दाबली जाते. गुण त्या घासण्याचाही असू शकतो. खात्री करायची तर जागा साफ करून जुनीच कॉइल परत लावून पाहावी. शिवाय जुन्या बुलेटमध्ये मापक बसवलेलाच आहे. चावी फिरवून किक हळूहळू दाबली, की पॉइंट मिटल्यावर अँमीटरचा काटा उणे बाजूला झुकतो आणि उघडल्यावर मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर करंट कॉइलपर्यंत पोचत नाही किंवा पॉइंट मळलेत. पॉलिश पेपर फिरवायचा आणि फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायची. एवढ्यासाठी दुकानात जायची गरज नाही.

भाग कधीच जात नाहीत असं मात्र नाही. कॉइल आणि कंडेन्सर तापल्यावर दगा देतात. सकाळी पहिल्या किकला उठणारी गाडी मेच्या दुपारी वीस किलोमीटरवर बंद पडते आणि तासाभराने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. थंड इंजिनावर केलेल्या तपासणीत हा दोष सापडत नाही. गाडी बंद पडल्याबरोबर, इंजिन तापलेलं असतानाच पॉइंटकडे पाहावं. किक मारताना तिथे मोठी, जाड ठिणगी पडत असेल आणि पॉइंट जळून काळे झाले असतील, तर कंडेन्सर बदलावा. तो खर्च वाया जाणार नाही.