उट्रेख्तचे वार्तापत्र : थोरलीचा हुद्दा

युरोपातील गृहजीवन म्हणजे कोरडेपणाची परिसीमा, तेथे मूल जन्मास येते इस्पितळात आणि वाढते बंद दाराआड, अशी जी समजूत आपल्याकडील सुशिक्षितांनी जिवापाड जतन केली आहे, तिचे नेदरलँड्सपुरते तरी निरसन करणे मला अगत्याचे वाटते. येथे निरोगी स्त्रीचे बाळंतपण हा सुईणीचा प्रांत. कित्येक जणी राहत्या घरीच प्रसूत होतात, आणि पुढील आठवडाभर एक प्रशिक्षित परिचारिका, बव्हंशी विम्याच्या खर्चाने, घरी येऊन बाळ-बाळंतिणीचे पाहते. परंतु मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे : या साऱ्या कारभारात थोरल्या भावंडाला रीतसर हुद्दा आहे.

शेजारची चार वर्षांची कन्या आईबरोबर सुईणीकडे जाई, पोटाला लावलेल्या यंत्रातून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐके. आणि ते बाळ कोणत्या मार्गाने बाहेर येणार याविषयी तिने फाटकापाशी मला जे निःसंकोच व्याख्यान दिले, त्याने माझ्यातील सदाशिव पेठी गृहस्थ पुरता गांगरला. आपल्याकडे बाळ देवबाप्पाकडून येते, नाही तर दवाखान्यातून विकत आणले जाते. डोहाळजेवणाला जमलेल्या बायका थोरलीला ‘भाऊ हवा की बहीण?’ असे विचारतात खऱ्या, पण ‘बहीण’ म्हणण्याची मुभा तिला नसते. वर ‘आता तुझे लाड संपले हं!’ हे वाक्य तिला इतक्या प्रेमाने ऐकवण्यात येते, की त्या वयात वकील करण्याची सोय असती तर पोरीने खचित फिर्याद गुदरली असती. बारशात मान आत्याचा, कुंची बाळाची. थोरलीच्या वाट्याला घुगऱ्या आणि ‘मध्ये मध्ये करू नकोस’ हा हुकूम.

येथे मात्र बाळ झाल्याचे पेढे वाटण्याचा अधिकार शाळेत तिचा. पेढे कसले, लोणी लावलेल्या गोल टोस्टावर भुरभुरलेले साखरेत घोळवलेले बडीशेपेच्या जातीचे दाणे. मुलगी झाल्यास गुलाबी-पांढरे, मुलगा झाल्यास निळे-पांढरे, आणि 1938 साली राजकन्या बिआट्रिक्स जन्मली तेव्हा राजघराण्याच्या रंगाचे, नारिंगी. हे दाणे दुधाला चांगले, असे येथील म्हाताऱ्या सांगतात. म्हणजे आपल्या बाळंतशेपाच या! पण आपण त्या बाळंतिणीच्या मुठीत कोंबतो, त्यांनी त्या थोरलीच्या हाती दिल्या.

इतके गुणगान पुरे, कारण या शहाण्या लोकांच्या शहाणपणाचा मला तितकाच संताप येतो. परिचारिकेची कंबर वाकू नये म्हणून बाळंतिणीचा पलंग ठोकळ्यांवर चढवून सुमारे 80 सेंटिमीटर उंच करण्याचा येथे दंडक आहे. नियम उत्तम, फक्त त्या उंचीवर चार वर्षांच्या मुलीला आपण होऊन आईच्या कुशीत शिरता येत नाही, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. बाप तीन दिवसांच्या मुदतीत जन्मनोंद करण्यासाठी नगरपालिकेत गेलेला. आजी सख्खी, पण भेटीची वेळ मुक्रर केल्यावाचून न येणारी. हुद्देदार थोरली सरळ आमच्या दाराशी आली, आणि आमच्या कुटुंबाने कसलीही वेळ न विचारता तिला मांडीवर घेऊन तूप-मेतकूट-भात भरवला. आपल्या वाड्यांत ही मांडी कोणाचीही, कधीही मिळे, आणि म्हणूनच बहुधा थोरल्या मुलाला आधी काही समजावून सांगण्याची तसदी कोणी घेत नसे.

दुसऱ्या दिवशी परिचारिका वही घेऊन आली. घरातील प्रत्येक गोष्ट तीत लिहावयाची असल्याने, काल मुलगी आपल्याकडे किती वेळ होती आणि तिचे वर्तन कसे होते, अशी तिने अत्यंत सभ्यपणे पृच्छा केली. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच स्वयंपाकघरातून मराठीत आवाज आला, “लिही म्हणावं, दोनदा भात मागून घेतला. आणि त्या पलंगाशी एक पाट ठेव म्हणावं.”