जबडा दुखतो? आधी दाढ काढू नका

बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी आपण या पानांतून नेहमीच बोलतो. आज थोडे तोंडाचे बोलू. कानापुढे ठणकते, घास चावताना कटकन वाजते, सकाळी तोंड नीट उघडत नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. दोष बहुधा दाढेला दिला जातो. दाढ जाते, पैसे जातात, दुखणे मात्र जागच्या जागी!

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीसारखा तो नुसता फिरत नाही, तोंड मोठे उघडले की पुढेही सरकतो. दोन हाडांमध्ये कूर्चेची एक चकती असते, वॉशरसारखी म्हणा ना. ती जागची सरकली की कटकट होते. नुसते वाजते, दुखत नाही, तर काही करावयाचे कारण नाही. दुखण्याचे मूळ पुष्कळदा चावण्याच्या स्नायूंत असते. झोपेत दात खाणे, एकाच बाजूने चावणे, काळजीने दातावर दात दाबून धरणे, यांनी ते स्नायू थकतात. सोसायटीचा हप्ता आणि पहिल्या उचलीची वाट यांचा भार जबड्यावरही पडतो, हे हसण्यावारी नेऊ नये.

त्यात आपण पडलो उसाचे धनी. फडात उभ्या उभ्या कांडे दाताने सोलायचे, ही आपली जुनी खोड. सांधा दुखत असेल तर काही दिवस रस प्यावा, कांडे नको. बाजरीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी, फुटाणे टाळावेत. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे शेकावे, चटका मात्र बसू देऊ नये. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. ओठ मिटलेले पण दात सुटे, अशी सवय लावावी. एवढ्याने बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो.

न पडल्यास दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. ते रात्री घालावयाची पट्टी मापाने करून देतात, जबड्याचे व्यायाम शिकवतात. शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते. पहिल्याच भेटीत कुणी दाढा घासायची किंवा काढायची घाई केली, तर दुसऱ्याचाही सल्ला घ्यावा. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याशेजारी, लोणीला, दंत महाविद्यालय आहे. लांब पुण्या-मुंबईला धावण्याची गरज नाही.

पण तोंड न उघडण्याची दोन कारणे अशी आहेत, की तेथे शेकत बसणे जिवावर बेतेल.

पहिले धनुर्वात. कोयता लागला, पायात धसकट घुसले, जखमेत माती-शेण गेले, आणि तीन दिवसांपासून तीन आठवड्यांच्या आत जबडा आवळू लागला, गिळता येईना, मान ताठली, तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्यावे. जखम अगदी किरकोळ असली तरीही! जखम झाल्याबरोबर ती साबण-पाण्याने धुवावी. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन घ्यावे. तोडीला आलेल्या मजुरांनाही हे सांगावे. कोयता त्यांच्याच हातात असतो.

दुसरे कारण सुपारी. गुटखा, मावा किंवा नुसती सुपारी वर्षानुवर्षे चघळणाऱ्याच्या गालाचे आतले कातडे पांढरट व ताठ होते. तिखट झोंबते आणि तोंड हळूहळू लहान होत जाते. हा सांध्याचा आजार नव्हे. पुढे यातून कर्करोग होऊ शकतो. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे घरीच पाहावे. जात नसतील तर पुडी त्याच दिवशी सोडून तपासणी करावी. ताठ झालेले कातडे पूर्ववत होणे कठीण, सोडल्याने निदान आजाराची वाढ रोखण्यास मदत होते. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे आम्ही सांगायला नको.

आणखी एक. चालताना किंवा कष्ट करताना जबडा दुखतो, छातीवर दाब येतो, घाम फुटतो, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. अशा वेळी दातांचा दवाखाना शोधत न बसता १०८ ला फोन करावा.