८६ सेकंदांत २१ किलोमीटर

युरोपात प्रवासी विमानाचा वैमानिक व्हायचं तर लेखी परीक्षेचे १३ पेपर द्यावे लागतात. हवाई कायदा, विमानातल्या यंत्रणा, उपकरणं, वजन आणि समतोल, हवामान, उड्डाणाची तत्त्वं, रेडिओवरचं संभाषण, अगदी माणसाचं शरीर आणि मन उंचीवर कसं वागतं इथपर्यंत सगळं त्यात आलं. प्रत्येक विषयात किमान ७५ टक्के हवेत. बारा विषयांत नव्वद पडले आणि तेराव्यात चौऱ्याहत्तर, तर तो विषय राहिला. पहिला पेपर दिलेला महिना संपला की १८ महिन्यांची मुदत सुरू होते. तेवढ्यात सगळे विषय सुटले पाहिजेत. एकाच विषयात चारदा नापास झालं, तर तेराच्या तेरा पेपर पुन्हा. टप्प्याटप्प्याने शिकणाऱ्यांनाही किमान ६५० तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. आठवड्याला तीस तास धरले तरी जवळपास २२ आठवडे होतात, आणि घरी रात्री जागून केलेला अभ्यास यात धरलेला नाही.

एकट्या हवामानाच्या पेपरात दोन तासांत ८४ प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ८६ सेकंद. ४८० नॉट वेगाने जाणारं जेट विमान सेकंदाला सुमारे २४७ मीटर कापतं. त्यामुळे विद्यार्थी एक प्रश्न वाचून उत्तरावर खूण करतो, तेवढ्यात ते २१ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. सहा प्रश्न सोडवून होईपर्यंत मुंबईवरून निघालेलं विमान पुण्यावर आलेलं असेल.

यातलं गणित बहुतेक शाळेतलंच आहे. दमछाक होते ती एककांमुळे. उंची फुटांत, अंतर नॉटिकल मैलांत, वेग नॉटमध्ये, धावपट्टीची लांबी मीटरमध्ये, हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये, इंधन कुठे लिटर, कुठे किलो, कुठे पौंड. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर. दिशेत एक अंशाची चूक झाली, तर ६० नॉटिकल मैलांवर विमान एक नॉटिकल मैल बाजूला गेलेलं असतं. मुंबई ते दिल्ली एवढ्या अंतरात हीच चूक सुमारे १९ किलोमीटरांची होते. समुद्रसपाटीजवळ दाबात एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण २७ फूट. विमानतळावर दाब १००३ आहे आणि उंचीमापक १०१३ वरच राहिला, तर विमान त्यावर दिसतं त्यापेक्षा २७० फूट, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढं, खाली असतं.

एवढं सगळं कशासाठी, याचं उत्तर २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात मिळालं. एअर कॅनडाच्या फ्लाइट १४३ चं बोईंग ७६७ माँट्रिऑलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाक्यांतलं इंधन पट्टीने मोजलं. ते ७,६८२ लिटर होतं. प्रवासाला २२,३०० किलो हवं होतं. लिटरचे किलो करायला ०.८०३ ने गुणायचं होतं, पण गुणलं १.७७ ने. तो आकडा एका लिटरच्या पौंडांचा. हिशेबात टाक्यांत १३,५९७ किलो आले, प्रत्यक्षात होते ६,१६९. भरायला हवे होते २०,०८८ लिटर आणि भरले ४,९१७.

४१,००० फुटांवरून जाताना इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. विमानात ६९ माणसं होती. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी हिशेब केला: दहा नॉटिकल मैलांत पाच हजार फूट उंची जाते, म्हणजे एक फूट खाली येताना साधारण बारा फूट पुढे. ज्याकडे विमान वळवलं होतं, तो विनिपेगचा विमानतळ या हिशेबाने गाठता येणार नव्हता. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर चालवण्याचा सराव होता. त्यांनी गिमलीच्या जुन्या हवाई तळावर विमान उतरवलं. कोणाचाही जीव गेला नाही.

त्या दिवशीची चूक आणि सुटका, दोन्ही साध्या गुणाकार-भागाकारात होती. पाण्याचा एक लिटर एक किलोचा. विमानाचं इंधन पाण्याहून हलकं. मग ७,६८२ लिटर इंधनाचं वजन ७,६८२ किलोंपेक्षा जास्त कसं भरेल? १३,५९७ हा आकडा अशक्य आहे, हे कॅल्क्युलेटर न उघडता कळायला हवं. माझ्या मते या अवाढव्य अभ्यासक्रमाचं खरं कारण तेच: अशक्य आकडा समोर आला की तो खटकला पाहिजे.

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) प्रत्येक लेखी पेपरात ७० टक्के आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला १,५०० तास. बारामती, धुळे आणि गोंदियात मुलं दिवसा विमान उडवतात आणि उरलेल्या वेळात पेपरांची तयारी करतात. हजारो प्रश्नांचे संच घोकून विषय सुटतोही. पण संचातला आकडा बदलला की घोकलेलं उत्तर उपयोगाचं राहत नाही. म्हणून या मुलांना मनापासून सांगावंसं वाटतं: प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहा आणि गुणाकार करण्याआधी उत्तर साधारण किती यायला हवं, याचा अंदाज बांधा. युरोपातल्या त्या पेपरातल्या ८६ सेकंदांतले दहा त्याला दिले, तरी ७६ उरतात.