डबीच्या मागची बारीक अक्षरं

पोमेड घेताना झाकण उघडून वास घ्यायच्या आधी डबी उलटी करा. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते आणि जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी लिहिलेला असतो. पहिलं नाव ‘अ‍ॅक्वा’ असेल तर ते पाण्याचं पोमेड. ‘पेट्रोलॅटम’ असेल, म्हणजे आपलं व्हॅसलीन, तर तेलाचं. लावायचं कसं आणि रात्री काढायचं कसं, हे त्या एका शब्दावर ठरतं. लोक मात्र झाकणावरचं ‘स्ट्राँग होल्ड’ वाचून पैसे मोजतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेलाचा प्रकार जुना. शिकागोत १९२५ साली निघालेलं ‘मरेज’ त्यातलंच. पेट्रोलॅटममध्ये मेण घातलेलं असतं. मेण वाढलं की पकड वाढते आणि चमक कमी होते. हे पोमेड वाळत नाही, म्हणून दिवसभरात कधीही नुसता कंगवा फिरवला की भांग पुन्हा बसतो.

मेण वितळायला साठ अंशांच्या वर तापमान लागतं, त्यामुळे मेणाचं पोमेड डबीत घट्ट बसलेलं असतं. नखाच्या पाठीनं हरभऱ्याच्या दाण्याएवढं खरवडा. तळहातांवर घासत राहा. आधी पांढुरके गोळे दिसतात, मग ते विरतात आणि हात नुसते चकचकीत दिसू लागतात. तोवर केसांना हात लावू नका. न विरलेला गोळा केसांत अडकला की कंगव्यानंही निघत नाही. केस कोरडे हवेत. सुरुवात मागून करा, कारण पहिला हात लागतो तिथे सर्वांत जास्त माल बसतो. मग बाजू, शेवटी पुढचा कोंबडा. बोटं मुळांपर्यंत जाऊ द्या. कमी पडलं तर आणखी घेता येतं, जास्त झालेलं परत डबीत जात नाही.

पाण्याचं पोमेड किंचित ओल्या केसांना लावायचं. त्यात बहुधा पीव्हीपीसारखं पॉलिमर असतं, ते हवेतली ओल शोषतं. मुंबईच्या जुलैत ते चिकचिकीत होतं ते त्यामुळेच. धुवायला मात्र सोपं, आणि केस विसकटले तर ओला कंगवा पुरतो. पातळ केसांना मी हेच सांगेन. तेलाच्या वजनानं ते चपटे होऊन टाळू दिसायला लागते. कपाळावर केसांच्या कडेनं पुटकुळ्या येत असतील तरीही तेलाचं टाळा. त्वचारोगतज्ज्ञ अशा पुटकुळ्यांना ‘पोमेड अ‍ॅक्ने’ म्हणतात.

तेलाचं पोमेड काढताना सगळे आधी डोक्यावर पाणी ओततात आणि तिथेच फसतात. कोरड्या केसांनाच खोबरेल चोळा, पाच-दहा मिनिटं थांबा. पोमेड तेलात सैल होतं. मग कोरड्यावरच शाम्पू चोळायचा आणि पाणी शेवटी. एवढं करूनही मुळाशी थोडं राहतं. राहू द्या, दुसऱ्या दिवशी निम्मं पोमेड पुरतं आणि केस जास्त चांगले बसतात.