जुन्या टोयोटा पिकअपसाठी पुढचा अ‍ॅक्सल कुठून घ्यावा?

अमेरिकेत १९८६ पासून टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं. ते काढून सलग अ‍ॅक्सल बसवायचा असेल, तर माझं ठाम मत आहे: १९७९ ते १९८५ च्या टोयोटाचाच शोधा, आणि सुटे भाग न जमवता एका हबपासून दुसऱ्या हबपर्यंत अख्खा घ्या. त्याचं डिफरन्शियल उजवीकडेच, ट्रान्सफर केसच्या रेषेत येतं. चाकाचे सहा बोल्टही त्याच १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. शिवाय मागच्या अ‍ॅक्सलचा आठ इंची गिअरसेट पुढे बसतो, म्हणून दोन्हीकडचा गिअर रेशो जुळवणं सोपं. तो जुळलाच पाहिजे, नाहीतर फोर-व्हील लावताच सगळ्या गिअरवर ताण येतो.

मोठ्या टायरखाली याचे बर्फील्ड जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारे सांधे) तुटतात, हा आक्षेप खरा आहे. पण क्रोमोलीचे मजबूत जॉइंट मिळतात. दुसरा पर्याय म्हणजे जीप वॅगनियरचा डाना ४४ अ‍ॅक्सल: दणकट, बोल्टही तसेच. मात्र १९८० पासून त्याचं डिफरन्शियल डावीकडे गेलं, म्हणजे ट्रान्सफर केसचाही खर्च आला. भंगारात टोयोटाचा अ‍ॅक्सल पाहताना नकल (टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) उघडायला लावा: आतलं ग्रीस पातळ झालं असेल, तर आतला सील गेलेला आहे.