वाचा-उपचार : शुल्क भरण्यापूर्वी

आमचा नातू अडीच वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडत नव्हता. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीत आम्ही वर्ष दवडले आणि मग घाईने एका खासगी केंद्रात सहा महिन्यांचे शुल्क एकरकमी भरले. बँकेत आयुष्यभर इतरांची कागदपत्रे तपासली. तेथे मात्र एकही प्रश्न विचारला नाही. उपचारक तीनदा बदलले, प्रगतीची नोंद कोणाकडेच नव्हती.

म्हणून समाजबांधवांना विनंती : प्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी. उपचारकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहावी. उद्दिष्टे लेखी घ्यावीत, शुल्क सत्रागणिक द्यावे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही तपासणी व उपचार होतात.

आठवड्याची दोन सत्रे म्हणजे जेमतेम दीड तास. उरलेला सारा वेळ मूल घरातच असते. म्हणून सत्रातील सराव पालकांनी शिकून घ्यावा. भाषासमिती आपल्याला मित व हितकर बोलणे शिकवते. अशा बालकाशी हितकर बोलणे म्हणजे सावकाश बोलणे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणे.

परवा मंदिरात नातू म्हणाला, “आजोबा, घंटा वाजवू?”